पाडव्याचा पुरा डाव

आमचे मास्तर बुद्धिबळ खेळताना मोहऱ्यांना हात लावत नसत. दोन्ही हात पाठीमागे बांधून ताठ बसायचे, पटाकडे बघत आपली चाल बोलायचे आणि ती चाल करायची समोरच्यानं. म्हणजे त्यांच्याशी खेळायचं, त्यांच्याकडून मार खायचा आणि तो मारही आपल्याच हातानं आपल्याला द्यायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याच्या हाताला काही इजा झाली असावी. मी तसं विचारलंसुद्धा. मास्तरांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. चांगले धडधाकट, खडूनं पांढरे झालेले हात होते.

"मंग लावत काऊन नाही?" मी विचारलं.

"तू हायेस ना लावाले," मास्तर म्हणाले. "चाल, माहा घोडा उचल."

मी उडालोच. ओळख होऊन पुरता आठवडा झाला नव्हता आणि हा माणूस मला आपला घोडा उचलायला सांगत होता. मी तो उचलला, कारण नाही म्हणायचं सुचलं नाही. मास्तरांच्या बाबतीत पुढेही माझं असंच होत गेलं. आधी हबकायचं, मग सांगितलेलं करायचं आणि घरी गेल्यावर चिडायचं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी जळगाव जामोदचा, खामगावच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागलो होतो. मास्तर त्याच शाळेत गणित शिकवत. ते रोहिणखेडच्या बाजूच्या एका खेड्यातले. त्यांच्या घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली होती आणि त्यांच्या वस्तीतून मॅट्रिकपर्यंत पोचलेले ते पहिलेच. अंगानं काटक, टोपी नाही, सदऱ्याच्या खिशात कायम खडूचा तुकडा. बोलणं कमी आणि जे बोलायचे ते बहुतेक एकच, "पुरं कर."

या 'पुरं कर'पायी शाळेतले सगळे त्यांना टरकून असत. मास्तरांना अर्धवट राहिलेली कुठलीही गोष्ट सहन होत नसे. वर्तमानपत्र हातात घेतलं की अगदी खाली बारीक अक्षरात छापणाऱ्याचा पत्ता असतो तोसुद्धा वाचून मगच घडी घालायचे. पाहुण्याला पोचवायला स्टेशनवर निघाले आणि वाटेत कुणी सांगितलं की जलंबची गाडी कधीच गेली, तरी परत फिरायचे नाहीत. पाहुण्यासकट स्टेशनपर्यंत जायचे, रिकाम्या फलाटाला हात लावल्यासारखं करायचे आणि मग माघारी यायचे. पाहुणा बिचारा ट्रंक घेऊन दोन्ही वेळा चालायचा.

एकदा शाळेत तपासनीस आले. त्या वेळी मास्तरांच्या वर्गात एक पोरगा फळ्यावर व्याजाचं उदाहरण सोडवत अडकला होता. घाम पुसत उभा. तपासनीस दारात, त्यांच्या मागे आमचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापकांच्या मागे हार घेतलेला शिपाई. सगळा वर्ग उठून उभा राहिला. मास्तर मात्र फळ्याकडे तोंड करून तसेच.

"बसा म्हणा त्यांना, पुरे झालं," तपासनीस म्हणाले.

"साहेब, उत्तर नाही आलं अजून," मास्तर मान न वळवता म्हणाले.

मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेजारच्या वर्गाच्या दारातून मी बघत होतो. पण उत्तर येईपर्यंत तपासनीस दारात उभे राहिले आणि हार शिपायाच्या हातात लोंबत राहिला. उत्तर आलं, तेही चुकीचं. मास्तरांनी चूक दाखवली, पोराकडून ती दुरुस्त करून घेतली आणि मग हात जोडून म्हणाले, "या साहेब." या प्रकारावर नोकरी जाईल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. गेली नाही. तपासनीसालाही बहुधा माझ्यासारखाच धक्का बसला असावा.

आमची बुद्धिबळाची बैठक दर रविवारी दुपारी वैद्यबुवांच्या ओट्यावर भरायची. वैद्यबुवा म्हणजे काढे आणि चूर्ण देणारा साधा, गोलमटोल माणूस. औषधापेक्षा पटावर त्यांचा जीव जास्त. ओटा कापसाच्या बाजाराच्या रस्त्यावर होता. हंगाम सुरू झाला की समोरून गाड्या जायच्या, जिनिंगमधला कापसाचा रुवा उडत उडत पटावर येऊन बसायचा आणि वैद्यबुवा तो फुंकायला लागले की प्यादी कलंडायची. मास्तर त्या ओट्यावर अगदी मधोमध बसत. कडेला जागा असली तरी मधेच. कुणी कुजबुजलं की मास्तरांना ओट्यावर घेतल्यापासून बुवांचे दोनचार रोगी कमी झाले. बुवा म्हणाले, "जाऊ द्या. तसेही ते पैसे देत नव्हते."

आम्ही जुन्या देशी पद्धतीनं खेळायचो. वजिरानं किंवा हत्तीनं मात केली तर ती साधी मात. पण प्याद्यानं, म्हणजे पटावरच्या सगळ्यात हलक्या मोहऱ्यानं राजाला गाठलं तर ती प्यादेमात. ती करणाऱ्याचा रुबाब आठवडाभर उतरायचा नाही आणि ज्याच्यावर झाली त्याला पुढच्या रविवारी ओट्याची पायरी चढताना चोरट्यासारखं वाटायचं.

खामगावात व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलतं. आमच्या ओट्याचंही वर्ष त्याच दिवशी बदलायचं. पाडव्याच्या दुपारी सगळे नवे कपडे घालून जमायचो. वैद्यबुवांच्या घरून द्रोणात चिवडा आणि अनारसे यायचे, आणि प्रत्येकानं त्या वर्षात पुरा झालेला आपला एक डाव पटावर मांडून सांगायचा. जिंकलेला असो की हरलेला, पण मातेपर्यंत पोचलेला पाहिजे. बायकोनं जेवायला बोलावलं म्हणून उठलेला डाव चालत नसे. कुठे फसलो, काय दिसलं नाही, कोणत्या चालीला छातीत धडधडलं, सगळं सांगायचं. वैद्यबुवा दरवर्षी नेमका हरलेला डाव निवडायचे आणि वजीर गेला तिथे आले की त्यांचा आवाज अडकायचा. एकदा तर मलाच त्यांचं सांत्वन करावं लागलं, आणि वजीर घेतलेला मीच.

पहिल्या पाडव्याला मास्तरांची पाळी आली तेव्हा मी सरसावून बसलो. वर्षभर या माणसानं आम्हाला ओट्यावर लोळवलं होतं. कोणता डाव निवडतील याची मला उत्सुकता होती.

"माहा यंदा एकही डाव पुरा झाला नाही," मास्तर म्हणाले आणि अनारसा उचलला.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. "मास्तर, मागच्याच रविवारी तुम्ही मला मात केली."

"तो तुहा डाव पुरा झाला. माहा नाही."

बाकीचे हसले, कारण त्यांना हे दरवर्षीचं पाठ होतं. मी नाही हसलो. जो माणूस निघून गेलेल्या गाडीपर्यंत पाहुण्याला चालवत नेतो, चुकीच्या उत्तरासाठी तपासनीसाला दारात उभं ठेवतो, त्याचा वर्षभरात एकही डाव पुरा होत नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. पुढच्या पाडव्यालाही तेच आणि त्याच्या पुढच्याही.

मोहरा समोरच्यानं हलवायचा, पण तो कसा ठेवला आहे यावर मास्तरांची करडी नजर असायची. जरा रेघेवर सरकला तरी म्हणायचे, "घराच्या मधात ठेव." मी वैतागायचो. एकदा न राहवून म्हणालो, "मास्तर, मी काय तुमचा गडी हाये काय?" तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फार शहाण्यासारखं काहीतरी बोललो. "कसं वाटून राह्यलं?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. मी मोहरा घराच्या मधात सरकवला.

आणि एकदा वैद्यबुवांनी गंमत केली. बुवा थट्टेखोर. मास्तरांनी एका प्याद्याची चाल बोलली आणि बुवांनी साळसूदपणे शेजारचंच प्यादं सरकवलं. आम्ही तोंडावर हात ठेवून वाट पाहत होतो की आता मास्तर करवादतील. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ओठ पांढरे पडले. ते उठले, हात तसेच पाठीमागे बांधलेले, पायरी उतरले आणि चपला न घालता रस्त्यानं निघून गेले. पटावर एक प्यादं इकडेतिकडे झालं म्हणून माणूस अनवाणी घरी जातो, याचा अर्थ कुणालाच लागेना.

बुवा संध्याकाळी त्या चपला हातात घेऊन मास्तरांच्या घरी गेले. मीही सोबत होतो. बुवांनी माफी मागितली. मास्तर म्हणाले, "तुमचा काही कसूर नाही बुवा." चहा केला, पाजला. पण महिनाभर ते ओट्यावर फिरकले नाहीत. आले तेव्हा काही झालंच नाही अशा थाटात मधोमध बसले आणि मला म्हणाले, "प्यादं सरकव." मी ते दोन बोटांत धरून असं सावकाश सरकवलं की माझं मलाच हसू आलं.

त्यानंतरच्या पोळ्याच्या सुमाराला देशमुखकाका ओट्यावर आले. रोहिणखेडच्या बाजूचे मोठे शेतकरी, आता म्हातारे झालेले. धाकट्या मुलाची खामगावात तेलाची गिरणी होती, त्याच्याकडे दोनअडीच महिने राहायला आले होते. दिवाळी झाली की थोरल्याकडे नागपूरला जाणार होते ते कायमचेच. उंचपुरा देह, हातात काठी आणि काखेत लाल कापडाची पिशवी. पिशवीत त्यांचे स्वतःचे जुने मोहरे. दुसऱ्याच्या मोहऱ्यांनी आपल्याला खेळता येत नाही म्हणाले. पॉलिश झिजून गुळगुळीत झालेले शिसवी मोहरे होते, हातात घ्यावेसे वाटायचे.

मास्तर त्या दिवशी उशिरा आले. पहिल्या पायरीशीच थबकले. ओट्यावर बसलेल्या देशमुखकाकांकडे आणि त्यांच्यासमोर मांडलेल्या मोहऱ्यांकडे बघत राहिले. वर यायचं विसरले की काय असं मला वाटलं.

"या मास्तर," वैद्यबुवा म्हणाले. "हे देशमुखकाका. तुमच्याच तिकडचे."

"हाव. ओळखतो," मास्तर म्हणाले.

"कोनाचा रे तू?" काकांनी विचारलं.

मास्तरांनी फक्त गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाही. मग चपला काढल्या, वर आले, काकांच्या समोर बसले आणि हात पाठीमागे बांधले. बुवांनी घाईघाईनं मास्तरांची पद्धत समजावून सांगितली. गाव सांगून बापाचं नाव टाळलं, म्हणजे मास्तर कोणत्या वस्तीतले हे काकांनी ओळखलंच असणार. आता हा म्हातारा दुसऱ्याच्या हुकुमावर मोहरे हलवायला साफ नकार देईल आणि ओट्यावर नको ते होईल असं मला वाटत होतं. पण काका मोठ्यानं हसले. "भलतंच सोंग हाये," म्हणाले, "बोल." आणि मास्तरांनी बोललेली चाल करून मोकळे झाले.

खरा धक्का पुढे होता. मास्तर त्या डावात हरले. पुढच्या रविवारीही हरले, त्याच्या पुढच्या रविवारी बरोबरी झाली, मग पुन्हा हरले. काकांचा खेळ वाईट नव्हता, पण आमच्या बुवांपेक्षा फार चांगलाही नव्हता. जिथे सरळ मात दिसत होती तिथे मास्तर भलतीच चाल बोलायचे. काका खुशीत येऊन म्हणायचे, "गणितात हुशार असन, पन पटावर कच्चा हाये तुमचा मास्तर." हे ऐकून माझा जीव जळायचा. ज्याच्याकडून आम्ही इतकी वर्षं मार खाल्ला त्याला कुणी कच्चा म्हणावं हा आमचाच अपमान होता.

एका रविवारी परत जाताना मी मास्तरांना रस्त्यातच धरलं. "मुद्दाम हरून राह्यले काय तुम्ही?"

"हरत नाही बे. एक डाव लावून राह्यलो. पन तो तसा येतच नाही."

"कोणता डाव?"

"माहा एक डाव ह्या मानसासंगं पुरा व्हाचा हाये. दिवाळी झाली का ते जातीन नागपूरले. मंग राह्यलाच तो."

मी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या आवाजात काकुळती होती, आणि ती मी मास्तरांकडून कधी ऐकलेली नव्हती. फक्त एवढं कळलं की या माणसाचं काहीतरी फार मोलाचं त्या म्हाताऱ्यापाशी अडकलं आहे आणि दिवस थोडे उरले आहेत. दसरा गेला. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या. प्रत्येक रविवारी मी त्यांच्या पटाकडे बघायचो. तो डाव काही आला नाही.

मग पाडवा आला. देशमुखकाका दुसऱ्या दिवशी निघणार होते. त्यांनी आपला पुरा डाव म्हणून मास्तरांना हरवलेलाच एक डाव सांगितला, चांगला रंगवून सांगितला. वैद्यबुवांनी नेहमीप्रमाणे वजीर गमावला. मी माझा सांगितला. मास्तरांची पाळी आली तेव्हा बुवांनी चिवड्याचा द्रोण त्यांच्यापुढे सरकवला, कारण ते काय म्हणणार हे सगळ्यांना पाठच होतं.

"यंदा सांगतो," मास्तर म्हणाले.

बुवांचा हात द्रोणावर तसाच राहिला.

"सुरुवातीपासून नाही सांगत. शेवटचंच मांडू. काका, मोहरे तुमचे हायेत, तुमीच मांडा. मी बोलतो."

काकांनी मजेत मोहरे गोळा केले. मास्तर एकेक जागा बोलत गेले आणि काका ठेवत गेले. काळा राजा कोपऱ्यात. त्याच्या पुढ्यात त्याचंच प्यादं. पांढरा राजा लांब, पांढरा घोडा इथे, पांढरी तीन प्यादी इथे, इथे आणि पार कडेला इथे. तोवर काकांचा हात सहज चालत होता. "आता काळा उंट. राजाच्या बाजूले," मास्तर म्हणाले. तो उंट काकांच्या हातात अधांतरी थांबला. मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. हसू जागेवर होतं, पण ते आता त्यांचं नव्हतं. त्यांनी उंट ठेवला.

"ह्या डावात एक जन वर ओट्यावर बसला हाये," मास्तर सांगू लागले. वर्गात उदाहरण सांगायचे त्याच सुरात. "दुसरा खाली आंगनात. खालचा गावकीच्या कामाले येणारा मानूस. त्याले वर याची सोय नाही आन् मोहऱ्याले हात लावाची तं नाहीच नाही. पन वर खेळणारे चाली मोठ्यानं बोलत, त्या आयकू आयकू तो शिकला. एक दिवस वरच्याले जोडीदार भेटला नाही. त्यानं विचारलं, खेळतो काय रे? तवापासून खालचा आंगनातून चाल बोले आन् वरचा सरकवे. दोघायच्याही चाली वरचाच सरकवे."

रस्त्यावर पोरं फटाके उडवत होती. माझं लक्ष मास्तरांच्या पाठीकडे गेलं. ते हात तिथे बांधलेले होते, रोजच्यासारखे. इतकी वर्षं मी त्याला तऱ्हा म्हणत होतो.

"ह्या जागी डाव आला तवा खालच्याले प्यादेमात दिसली. घोड्याच्या जोरातलं प्यादं एक घर पुढं, का राजाले जागाच नाही. त्यानं चाल बोलली. वरच्यानं दुसरंच प्यादं सरकवलं. खालचा म्हणे, मालक, ते नाही, दुसरं. वरचा म्हणे, वर ये आन् सोता सरकव."

मास्तरांनी पटावरची नजर उचलून काकांकडे पाहिलं.

"ओटा भरला होता. सारे हासले. तो हात मांगं बांधून घरी गेला. तो माहा बाप. मंग त्यानं कोनासंगंच डाव मांडला नाही. पन रोज सांजच्याले आंगनात कोळशानं पट काढे आन् खडे मांडे. हाच डाव. मले दाखवे, म्हणे, पाह्य, एकच चाल बाकी हाये. मरतानीही तेच म्हणे."

मी आयुष्यात पुष्कळ वाईटसाईट ऐकलं आहे. पण त्या क्षणी बसला तसा धक्का मला पुन्हा बसला नाही. मारहाण नाही, शिवी नाही, नुसतं एक प्यादं एका घरातून दुसऱ्या घरात, आणि त्यावर एका माणसाचा सगळा जन्म अडकून पडलेला. समोर चिवडा होता, अनारसे होते आणि तोच डाव, तेच मोहरे, तोच माणूस.

"मले नाही आठोत," देशमुखकाका म्हणाले.

"नसन आठोत. चाल बोलली हाये. प्यादं सरकवा."

"मास्तर, सणाचा दिवस हाये," वैद्यबुवा काकुळतीनं म्हणाले.

"पुऱ्या डावाचाच दिवस हाये ना बुवा?"

काकांनी काठी उचलली. मला वाटलं, आता हा म्हातारा पट उधळून लावणार आणि मास्तरांचा डाव कायमचा जाणार. मी पट धरायला पुढे झालो. काकांनी काठी थोडा वेळ मुठीत धरून ठेवली आणि परत खाली ठेवली. मग त्यांचं बोट पटावर आलं आणि पार कडेच्या प्याद्यावर टेकलं. त्या दिवशी दुसरं कोणतं प्यादं सरकलं होतं ते मास्तरांनी सांगितलंच नव्हतं.

"हे," काका म्हणाले. "हे सरकवलं होतं मी."

"तुहा बाप मंग आलाच नाही. मी बलावनं धाडलं होतं त्याले."

"आलं होतं बलावनं," मास्तर म्हणाले. "पन बसाचं खालीच होतं ना?"

काकांनी मान खाली घातली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "वर ये. तूच सरकव आता."

"मी वरच बसलो हावो काका. सरकवाचं काम तुमचं राह्यलं."

मी मास्तरांकडे बघू शकलो नाही. काकांकडेही नाही. मी त्या घोड्याच्या जोरातल्या प्याद्याकडे बघत बसलो. दोन सुरकुतलेली बोटं आली, त्यांनी ते धरलं आणि एक घर पुढे नेलं. प्यादं रेघेवरच टेकलं.

"घराच्या मधात," मास्तर म्हणाले.

काकांनी ते नीट मधोमध केलं. राजा कोपऱ्यात, शेजारी त्याचाच उंट, पुढ्यात त्याचंच प्यादं, आणि हललेलं पांढरं प्यादं घ्यावं तर त्यावर घोड्याचा जोर. कुठेच जागा नव्हती. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायचा अधिकार आमच्यापैकी कुणाचा नव्हता.

"प्यादेमात," देशमुखकाका म्हणाले.

ते उठले. बुवांनी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. काठी टेकत पायऱ्या उतरले आणि गिरणीच्या रस्त्याला लागले. लाल पिशवी तिथेच राहिली. मास्तर जागचे हलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी पाठीमागचे हात सोडवले, द्रोण जवळ ओढला आणि शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत चिवडा संपवला. खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. बुवा तर उघडउघड रडत होते.

पुढच्या रविवारी मी ओट्यावर गेलो तेव्हा मास्तर माझ्या आधी येऊन बसले होते. काका नागपूरला गेले होते. पिशवी न्यायला कुणी आलं नव्हतं. बुवांनी ती खुंटीला टांगून ठेवली होती, ती काढून मास्तरांनी पट मांडला होता. प्रत्येक मोहरा घराच्या अगदी मधात होता. मी समोर बसलो. माझी चाल झाली. मास्तर थोडा विचार करून म्हणाले, "घोडा," आणि सवयीनं मी त्यांचा घोडा उचलायला हात पुढे केला.

मास्तरांनी माझं मनगट धरलं. "राहू दे," म्हणाले.

मग त्यांनी आपल्या हातानं तो शिसवी घोडा उचलला. खेळायचं सोडून तो तळहातावर घेऊन बसले. एकदा या हातात, एकदा त्या हातात. मी वाट पाहत होतो. समोरून कापसाची गाडी गेली, थोडा रुवा पटावर येऊन बसला, तरी ते घोड्याकडेच बघत होते. शेवटी त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर पुरता गोंधळ होता.

"ह्याले तं काहीच वजन नाही बे," मास्तर म्हणाले.